उडीच्या आधीचं पाऊल

पांढऱ्या कपड्यांतला, सोनेरी केसांचा एक तरुण दगडी तळघरात येऊन पडतो, मागे लोखंडी जाळी धाडकन बंद होते आणि त्या क्षणापासून तासाभराचं घड्याळ चालू होतं. हातात काही नाही. कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. दिशा दाखवणारे बाण नाहीत, कोपऱ्यात नकाशा नाही, ‘आता अमुक बटण दाबा’ अशी सूचनाही नाही. आजच्या गेमवर वाढलेला माणूस इथे पहिल्या काही मिनिटांत हमखास मरतो. एकतर सैल फरशी पायाखालून निसटते, नाहीतर जमिनीतून सुळे वर येतात, नाहीतर तलवार सापडायच्या आधीच तो पहारेकऱ्यासमोर जाऊन उभा राहतो आणि एका वारात आडवा होतो.

हा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने ॲपल टू या कंप्युटरसाठी जवळजवळ एकट्याने लिहिलेला आणि ब्रॉडरबंड कंपनीने १९८९मध्ये बाजारात आणलेला. गोष्ट दोन ओळींत संपते. सुलतान लढाईवर गेला आहे, वजीर जाफरने सत्ता बळकावली आहे आणि राजकन्येसमोर त्याने वाळूचं घड्याळ ठेवलं आहे. तासाभरात लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात कैद आहे. त्याने बारा लेव्हल ओलांडून तासाच्या आत तिच्यापर्यंत पोचायचं.

नव्वदच्या दशकात ज्यांनी शाळेच्या कंप्युटर लॅबमध्ये किंवा गल्लीतल्या क्लासमध्ये डॉसच्या कमांड शिकण्याच्या नावाखाली वेळ काढला, त्यांना हा गेम नुसता ‘प्रिन्स’ म्हणून ठाऊक असेल. ‘डेव्ह’ हा आणखी एक गेम आणि ‘प्रिन्स’ ही तेव्हा जोडीच होती. मी त्याच पिढीतली, पण हा गेम पाहिला तो दुसऱ्यांच्या खांद्यांवरून. चार जणांत एक कंप्युटर असायचा आणि कीबोर्डवर बसणारा उठायचा नाही. त्यामुळे इतकी वर्षं नावाजलेला हा गेम मी पहिल्यांदा खेळले तो अलीकडे, कॉलेजात जाणाऱ्या भाचीच्या लॅपटॉपवर. तीही पहिल्यांदाच खेळत होती. फरक एवढाच की तिच्यामागे आधुनिक गेमचा पंधरा वर्षांचा सराव होता आणि माझ्यामागे काहीच नव्हतं.

पहिला अर्धा तास गेल्यावर ती वैतागून म्हणाली, “मावशी, हा ऐकतच नाहीये.”

तिची तक्रार अगदी नेमकी होती. बटण दाबलं की उडी मारायची, ही तिची अपेक्षा. हा प्रिन्स मात्र बटण दाबल्यावर आधी गुडघे वाकवतो, हात मागे नेतो, मग उडतो. धावताना उलट दिशेचं बटण दाबलं तर जागच्या जागी वळत नाही. घसरत थांबतो, अंग फिरवतो आणि मग निघतो. एकदा उडी घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही. काठ दिसल्यावर बटण दाबलं तर बहुतेक वेळा उशीरच होतो. म्हणून तिला वाटलं की गेम जुना आहे, संथ आहे, लॅपटॉपशी त्याचं जमत नसावं.

लॅपटॉपचा काही दोष नव्हता. गेम हुकुमाप्रमाणेच चालला होता. १९८५मध्ये निन्टेन्डोने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणला होता आणि त्यातला मारिओ बोट हलताक्षणी हलत होता, हवेत असतानाही डावी-उजवीकडे वळत होता. खऱ्या माणसाला हे जमणार नाही, पण खेळणाऱ्याला ते गोड वाटतं. आजचे बहुतेक उड्या मारायचे गेम याच वळणाचे आहेत. मेकनरने मुद्दाम दुसरी वाट धरली. त्याला पडद्यावर वजन असलेला माणूस हवा होता. तो उंचावरून पडला तर आपल्या पोटात गोळा यायला हवा होता. आणि वजन दाखवायचं तर हालचालीला सुरुवात, मध्य आणि शेवट असे तिन्ही भाग लागतात. प्रिन्सच्या हालचाली सेकंदाला सुमारे बारा चित्रांनी दाखवल्या जातात आणि एक हालचाल पूर्ण होत आल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. म्हणजे बटण दाबणं ही आज्ञा नसून बेत असतो. लांब उडीत फळीवर पाय पडतो त्याआधीच, धावतानाच, पावलं जुळवावी लागतात, तसंच हे. इथे निर्णय काठाच्या दोन पावलं अलीकडे घ्यायचा असतो.

हे एकदा अंगवळणी पडलं की गेमचा सूर बदलतो. भाचीला ते कळलं दुसऱ्या संध्याकाळी. समजावून सांगून काही कळलं नाही, बोटांनाच कळलं.

हे वजन आलं कुठून, ती हकिकत या गेमपेक्षा कमी रंगतदार नाही. मेकनरने येल विद्यापीठात शिकत असतानाच ‘कराटेका’ नावाचा गेम केला होता. तो १९८४मध्ये आला आणि चांगला खपला. त्यासाठी त्याने आपल्या कराटे शिक्षकाचं छोट्या फिल्म कॅमेऱ्यावर चित्रण करून त्यावरून हालचाली उतरवल्या होत्या. ही युक्ती त्याची स्वतःची नाही. चित्रित माणसाच्या एकेका फ्रेमवरून रेघ ओढत कार्टून करायची पद्धत, म्हणजे रोटोस्कोपिंग, मॅक्स फ्लायशरने पहिल्या महायुद्धाच्या काळातच शोधून तिचं पेटंट घेतलं होतं. पण घरगुती कंप्युटरच्या पडद्यावर ती आणणं हे वेगळंच प्रकरण होतं. नव्या गेमसाठी १९८५मध्ये मेकनरने आपल्या शाळकरी धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका मोकळ्या पार्किंगमध्ये पळायला, उड्या मारायला, भिंतीवर चढायला लावलं आणि व्हिडिओ कॅमेऱ्यावर ते सगळं टिपलं.

आता टेपवरची ही धाव कंप्युटरमध्ये घालायची कशी? आज फोनवर दोन मिनिटांत होईल. तेव्हा मेकनरने टीव्हीवर टेप फ्रेम-फ्रेम थांबवून प्रत्येक स्थिर चित्राचा साध्या कॅमेऱ्याने फोटो काढला, रोल धुवून घेतले, प्रती काढल्या, भावाच्या आकृतीभोवतीची जागा काळ्या मार्करने भरली, आकृती पांढऱ्या शाईने ठसठशीत केली, आणि त्या कागदांसमोर कॅमेरा धरून एका कार्डामार्फत ती चित्रं ॲपलमध्ये उतरवली. मग एकेक ठिपका हाताने साफ केला. एका धावेसाठी किती चित्रं लागतात याचा हिशेब केला म्हणजे हा गेम पुरा व्हायला जवळजवळ चार वर्षं का लागली ते समजतं. तलवारबाजीसाठी भाऊ उपयोगाचा नव्हता, दोघांनाही ती येत नव्हती. ती मिळाली १९३८च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटात. एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांच्या शेवटच्या द्वंद्वात काही सेकंद असे आहेत की दोघंही कॅमेऱ्याला अगदी बाजूने दिसतात. मेकनरने तेवढेच सेकंद उचलले. आज आपण जाफरच्या पहारेकऱ्याशी लढतो तेव्हा पवित्रा, वार आणि अडवणं हे सगळं त्या दोन नटांचं असतं.

ही माहिती गेम खेळण्याआधी असावी की नंतर, यावर मी बराच विचार केला. माझं मत असं झालं की आधी असावी. जुना चित्रपट पाहताना तो मुका का आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण त्याच्यावर रागवत नाही. गेमच्या बाबतीत मात्र ही सवलत आपण देत नाही. हातात घेतलेली वस्तू आजच्यासारखी चालली नाही की ती बिघडलेली वाटते.

बोटांना सूर सापडल्यावर दुसरी गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे हा गेम मोजून बांधलेला आहे. प्रत्येक पडद्यावर दहा चौकटी आडव्या आणि तीन मजले उभे. एका लेव्हलमध्ये असे जास्तीत जास्त चोवीस पडदे. उभ्या उभ्या मारलेली उडी एवढी, धावत मारलेली एवढी. शिफ्ट दाबून ठेवलं तर समोरचा कठडा हाताने पकडता येतो. एक मजला पडलं तर काही होत नाही, दोन मजले पडलं तर जीव दाखवणाऱ्या त्रिकोणांपैकी एक जातो, तीन मजले पडलं तर खेळ खलास. शिफ्ट धरून टाकलेलं सावध पाऊल हा या गेमचा सगळ्यात सुंदर शोध म्हणावा लागेल. काठाशी आल्यावर प्रिन्स पाय पुढे घालून चाचपतो. जागच्या जागी उडी मारली तर आसपासच्या सैल फरश्या थरथरतात, त्यांचा आवाज येतो, म्हणजे कुठे पाय ठेवायचा नाही हे कळतं. गेम काही सांगत नाही अशी तक्रार सुरुवातीला वाटते, पण तो सांगतो, फक्त शब्दांनी सांगत नाही. नियम बदलत नाहीत आणि नशिबाचा भाग जवळजवळ नाही, त्यामुळे मेलो तर चूक आपलीच, हे मान्य करावंच लागतं. भाचीला हे आवडलं. मला ते मान्य करायला थोडा वेळ लागला.

आता घड्याळाबद्दल. पूर्ण गेमला साठ मिनिटं. प्रिन्स कितीही वेळा मरू शकतो, त्याला मोजून दिलेले जीव नाहीत. लेव्हल पुन्हा सुरुवातीपासून खेळायची, एवढंच. पण घड्याळ मागे फिरत नाही. चौथ्या लेव्हलवर दहा मिनिटं घुटमळलात तर ती दहा मिनिटं गेली. आणि गेम सेव्ह करण्याची सोय तिसऱ्या लेव्हलपासून पुढेच आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की पहिल्याच झटक्यात कुणीही शेवटापर्यंत पोचत नाही. आधी वाटा शोधण्यात वेळ घालवायचा, घड्याळ संपू द्यायचं, आणि मग ठाऊक झालेल्या वाटेने पुन्हा पहिल्यापासून, या वेळी वेगाने. सुरुवातीची लेव्हल कमी वेळात पार करून सेव्ह करायची, पुढे गाडं अडलं तर मागची सेव्ह उचलायची. गोष्टीतला प्रिन्स तासाभरात सुटतो, खेळणारा मात्र अनेक आठवडे त्याच तासात फिरत असतो.

१९९०च्या सुमाराला हे चालून जायचं. महागडा गेम विकत घेतला की घरात तो एकच असायचा, महिनाभर पुरायलाच हवा होता. आज कुणाच्या फोनवरही दहा गेम पडलेले असतात, आणि दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह न करणारा गेम उद्धट वाटतो. इथे मी जुन्याची बाजू घेणार नाही. तिसऱ्या लेव्हलपर्यंत सेव्ह नसणं हा छळ आहे. जुने गेम आजच्या मशीनवर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये कुठल्याही क्षणी स्थिती साठवून ठेवायची सोय बहुधा असते आणि ती वापरण्यात काही पाप नाही. फक्त प्रत्येक उडीआधी साठवलं तर मात्र सगळंच पातळ होतं. सैल फरशीवरून जाताना भीती वाटत नाही, आणि भीती काढून घेतली तर या गेममध्ये फार काही उरत नाही. आम्ही लेव्हलच्या सुरुवातीला एकदा, एवढाच नियम केला. तो भाचीने पाळला. मी आठव्या लेव्हलनंतर पाळला नाही.

जुन्या गेमचा बराच भाग मुळात पडद्यावर नसायचाच. डब्यात छापील पुस्तिका असायची. गोष्ट, पात्रं, बटणं, कठडा कसा पकडायचा, सगळं तिथे. ती वाचूनच खेळायला बसणं अपेक्षित होतं. चोरून केलेल्या प्रती अडवायचं कामही पुस्तिकेकडेच होतं. डॉसवरच्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलनंतर एक दालन येतं. तिथे अक्षरं लावलेल्या कुप्या मांडलेल्या असतात आणि पुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली कुपी प्यायला सांगितलं जातं. चुकीची प्यायलात तर प्रिन्स मरतो. पुस्तिका नसेल त्याचा खेळ तिथेच संपावा, हा हेतू.

आपल्याकडे हा गेम पसरला तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर. पुस्तिका क्वचितच कुणी पाहिली असेल. ज्या प्रती फिरत होत्या त्यांत ती कुप्यांची अडवणूक आधीच कुणीतरी काढून टाकलेली असायची. म्हणजे सूचनांचं पान नाही, कठडा कसा पकडायचा हे लिहिलेलं नाही, इंटरनेट नाही. त्या जागी माणसं होती. शिफ्ट दाबून ठेव, हे शेजारच्या बाकावरचा सांगायचा. मिनिटं किती राहिली ते स्पेस दाबल्यावर दिसतं, हे कुणाच्या तरी दादाने सांगितलेलं. आणि सगळ्यांत मौल्यवान मंत्र म्हणजे गेम सुरू करताना नुसतं ‘प्रिन्स’ न टाइप करता पुढे जागा सोडून ‘मेगाहिट’ टाइप करायचं. मग शिफ्ट आणि एल दाबलं की थेट पुढची लेव्हल. वास्तविक मंत्राशिवायही चौथ्या लेव्हलपर्यंत असं उडी मारून जाता येतं, पण मग घड्याळात पंधराच मिनिटं उरतात, त्यामुळे त्याचा उपयोग पुढचा देखावा पाहण्यापुरताच. मेकनरच्या गावातल्या मुलांनी जो गेम पुस्तिका वाचून खेळला, तो आपल्याकडच्या मुलांनी एकमेकांना विचारून खेळला. दोन्हीकडे गेमचा अर्धा भाग कंप्युटरच्या बाहेर होता.

आज एकट्याने खेळणाऱ्याकडे हा बाहेरचा भाग नसतो. त्याऐवजी असतात व्हिडिओ, ज्यांत कुणीतरी सगळा गेम वीस मिनिटांत, एकही चूक न करता खेळून दाखवलेला असतो. शेजारचा मुलगा तुम्हाला अडलं तेवढंच सांगायचा, कारण त्यालाही तेवढंच ठाऊक असायचं. व्हिडिओ सगळं सांगून मोकळा होतो. तिसऱ्या लेव्हलमध्ये एक सांगाडा उठून लढायला लागतो. त्याला वार लागतात, पण तो मरत नाही. भाची त्याच्याशी बराच वेळ लढली, मग व्हिडिओ शोधायला लागली. मी तिला थांबवलं. वार बसला की सांगाडा मागे सरकतो, हे तिला दिसत होतं. आणि त्याच्या मागे काय होतं तेही दिसत होतं. पुढचं तिने स्वतः जुळवलं आणि खोलीभर नाचली.

ज्यांना गेममधलं काहीच आधी कळायला नको असेल त्यांनी इथून पुढचा भाग, सावलीचा, सोडून द्यावा.

गेम अर्धा झाला असताना मेकनरची अडचण अशी होती की प्रिन्स सुरेख पळत होता, पण त्याच्यासमोर कुणी नव्हतं. ब्रॉडरबंडमधल्या त्याच्या सहकारी टोमी पियर्स लढाई हवीच म्हणून मागे लागल्या होत्या. मेकनरचं म्हणणं, जागाच नाही. प्रिन्सच्या हालचालींच्या चित्रांनी ॲपलची मेमरी इतकी भरली होती की दुसरं पात्र ठेवायला कुठे कोपरा उरला नव्हता. मग उपाय सुचला तो असा की दुसरं पात्र म्हणून प्रिन्सचीच चित्रं पुन्हा वापरायची. पण मग दोघं सारखेच दिसणार. इथे प्रोसेसरची एक साधी क्रिया कामाला आली. दोन ठिपके सारखे असले तर काळा, वेगळे असले तर पांढरा, असा तिचा नियम. प्रिन्सचं चित्र घ्यायचं, तेच चित्र एक ठिपका बाजूला सरकवून त्यावर ठेवायचं आणि हा नियम लावायचा. अंगाच्या आतला भाग दोन्ही चित्रांत पांढराच असल्यामुळे काळा होतो. फरक पडतो तो फक्त कडांना, तेवढ्याच उजळतात. उरते एक काळी, चमचमत्या कडांची आकृती. मेमरी जवळजवळ शून्य खर्चून एक प्रतिस्पर्धी तयार झाला. पुढे मेकनरने कोड आवळून जागा काढली आणि तलवारवाले पहारेकरीही आले, पण सावली राहिली.

आणि तिच्यामुळे गोष्टीला जीव आला. चौथ्या लेव्हलच्या शेवटी, दरवाजा उघडल्यावर, परतीच्या वाटेत आधी नसलेला एक आरसा उभा असतो. दुसरा रस्ता नाही. धावत जाऊन त्यातून उडी मारावी लागते, आणि आरशाच्या दुसऱ्या बाजूने आपली सावली निघून पळून जाते. आपल्या अंगात एकच त्रिकोण जीव उरतो. पाचव्या लेव्हलमध्ये आपण ज्या औषधाकडे धावत असतो ते ती डोळ्यांदेखत पिऊन टाकते. सहाव्यात ऐन वेळी दरवाजा पाडते आणि आपण खाली कोसळतो. हे सगळं एकाही संवादाशिवाय घडतं. आपण तिचा द्वेष करायला लागतो, तिला गाठून मारायचं ठरवतो. बाराव्या लेव्हलमध्ये ती तलवार काढून समोर येते. तिथे काय करायचं ते मी लिहिणार नाही. इतकंच सांगते की तिच्यावर वार केल्यावर तुमचा जीव किती उरला, ते नीट पाहा. मेमरी कमी पडली म्हणून शोधलेल्या युक्तीतून गेमच्या कथानकाचा सगळ्यात खोल भाग निघाला. आजच्या शंभर गीगाबाइटच्या गेममध्ये अशी गोष्ट घडायला कारणच उरलेलं नाही, असं मला वाटतं. भाचीला ते पटलं नाही.

सगळंच काही टिकलेलं नाही. राजकन्येला नावसुद्धा नाही. ती उशीवर लोळते, वाळूकडे पाहते आणि एकदा आपला पाळीव उंदीर मदतीला धाडते, तेवढंच तिचं काम. आठव्या लेव्हलमध्ये तो उंदीर बंद दरवाजा उघडून देतो, आणि गेमभर शब्दही न बोलणाऱ्या त्या मुलीबद्दल तेवढ्यापुरती माया वाटते. गेममधला पर्शिया इराणपेक्षा हॉलिवूडच्या जवळचा आहे. अरबी सुरस कथा आणि १९४०चा ‘द थीफ ऑफ बगदाद’ यांतून तो आलेला. नायक तर चक्क सोनेरी केसांचा. जपानमध्ये गेम गेला तेव्हा तिथल्या चित्रकारांनी त्याला फेटा आणि बंडी चढवली, ती त्याला शोभूनही दिसली. संगीत मेकनरच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. आहे थोडंच, पण नेमक्या जागी आहे. बाकीचा वेळ फक्त पावलांचे आवाज आणि जाळ्यांचा खडखडाट. आजच्या गेममध्ये पार्श्वसंगीत थांबतच नाही, त्यामुळे ही शांतता पहिल्यांदा चुकल्यासारखी वाटते. नंतर तिच्याशिवाय तळघराची कल्पना करवत नाही.

कुठली आवृत्ती खेळायची, हा प्रश्न साधा नाही. मूळ ॲपल टूवरची आवृत्ती आली तेव्हा तो कंप्युटरच अखेरच्या घटका मोजत होता, त्यामुळे ती फारशी खपली नाही. १९९०मध्ये डॉसवर आली ती आपल्याकडच्या लोकांच्या आठवणीतली. सुपर निन्टेन्डोवरची आवृत्ती वीस लेव्हलची आणि दोन तासांची आहे, देखणी आहे, पण तो जवळजवळ दुसराच गेम झाला. पहिल्यांदा खेळणाऱ्याने माझ्या मते डॉसची घ्यावी. ती चालवायला ‘डॉसबॉक्स’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. शिवाय चाहत्यांनी डॉसची आवृत्ती उलगडून नव्याने लिहिलेली ‘एसडीएलपॉप’ नावाची आवृत्ती आहे, जी आजच्या मशीनवर सरळ चालते. एक बारकावा लक्षात ठेवावा. डॉसचा पडदा ३२० बाय २०० ठिपक्यांचा, पण तेव्हाच्या मॉनिटरवर तो उभा ताणला जाऊन चारास तीन या प्रमाणात दिसायचा. आज तो ताण न देता दाखवला तर प्रिन्स बुटका आणि जाडा दिसतो आणि उड्यांचा अंदाजही बिघडतो. सेटिंगमध्ये प्रमाण दुरुस्त करून घ्यावं. आणि फोनच्या काचेवर हा गेम खेळू नये. बोटाखाली बटण जाणवलं नाही तर शिफ्टचं सावध पाऊल निरर्थक होतं.

हा गेम निदान मिळतो तरी. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये केलेल्या पाहणीनुसार तिथे २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याच रूपात विकत मिळत नाहीत. प्रिन्सचा मूळ कोडही हरवलाच होता. मेकनरने वर्षानुवर्षं शोधला, सापडला नाही. २०१२मध्ये त्याच्या वडिलांनी घरच्या कपाटातून निघालेलं एक खोकं पाठवलं, त्यात साडेतीन इंची फ्लॉपी निघाल्या. चुंबकीय फ्लॉपीवरची माहिती दोन दशकांत विरून गेलेली असणं सहज शक्य होतं. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या जुन्या कंप्युटरांच्या जाणकारांनी जपून त्या वाचल्या, आणि मेकनरने सगळा कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिला. गेम करतानाच्या त्याच्या डायऱ्याही पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहेत. त्या वाचताना कळतं की आज अढळ वाटणारा हा गेम त्याने मध्ये महिनोन्‌महिने बाजूला टाकला होता, कारण त्याला चित्रपट लिहायचे होते.

याच मेकनरने २००३मध्ये युबिसॉफ्टबरोबर ‘द सँड्स ऑफ टाइम’ केला. त्यात प्रिन्सच्या हातात एक खंजीर येतो. चुकीची उडी मारली की त्याच्या जोरावर काही सेकंद मागे जाता येतं, पण खंजिरात वाळू मोजकीच असते. मागे न फिरणाऱ्या घड्याळाचा कर्ता चौदा वर्षांनी वेळ उलटी फिरवायची सोय देतो, आणि तिलाही मर्यादा घालतो. भाची आता तो खेळते आहे. मी अजून बाराव्या लेव्हलवर आहे, सावली ओलांडलेली, घड्याळात चार मिनिटं, आणि जाफरशी लढताना वार अडवायचं बटण मला अजूनही उशिराच सुचतं.